साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांचं कौतुक : सोसायटीने काय करावं, कुठे फसतं?

घंटाळी_कट्टा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या काही सोसायट्या मिळून साथरोगाचा आराखडा लिहितोय. पाणी, कचरा, लिफ्ट, घरातलं विलगीकरण ही पानं झाली. अडलंय ते एका पानावर : रुग्णालयात राबणाऱ्यांचं जाहीर कौतुक. पुन्हा वेळ आलीच तर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ठरवायला नको.

उजळणीपुरतं. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यू, संध्याकाळी ५ वाजता टाळ्या-थाळ्या. ५ एप्रिलला रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे. ३ मे रोजी सैन्यदलांची पुष्पवृष्टी. मुंबईत केईएम, जेजे, कस्तुरबा रुग्णालयांवर हेलिकॉप्टर आली होती. तिकडे इटलीत १४ मार्चलाच लोक गॅलऱ्यांत उभे राहिले होते. ब्रिटनमध्ये २६ मार्च ते २८ मे असे दहा गुरुवार रात्री ८ वाजता टाळ्या झाल्या, आणि ज्या बाईंनी ते सुरू केलं त्यांनीच आता थांबवू या म्हणून सांगितलं.

हे योग्य होतं की अयोग्य यावर इथे पुरेसं लिहून झालंय. मला हवंय ते असं : कधी, किती, कोणाला विचारून, आणि काय बिघडतं. राजकारण दुसऱ्या धाग्यावर न्या.

जाईजुई

आधी घड्याळ बघा, बाकीचं नंतर. न्यूयॉर्कमध्ये लोक संध्याकाळी ७ वाजता टाळ्या वाजवायचे, कारण तिथे रुग्णालयांची पाळी तेव्हा बदलते. जाणारे आणि येणारे दोघेही रस्त्यावर असायचे. आपल्याकडे बहुतेक सरकारी आणि पालिका रुग्णालयांत पाळी सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ च्या आगेमागे बदलते. साथीत पीपीईमुळे (अंगभर संरक्षक पोशाखामुळे) पाळ्या लहान होतात किंवा गट पाडून लावतात, म्हणून त्या आठवड्याची वेळ मेट्रनच्या (परिचारिकांच्या प्रमुखांच्या) कार्यालयातून विचारून घ्यायची. संध्याकाळी ५ ला दुपारपाळी वॉर्डात असते आणि रात्रपाळीवाली सिस्टर तुमच्याच बिल्डिंगमध्ये झोपेचा शेवटचा तास पुरा करत असते. थाळ्या ऐकू जातात त्या नेमक्या तिला.

वॉर्डातल्या माणसाला तर त्या ऐकूच येत नाहीत. कव्हरऑलचं हूड कानांवर असतं, त्यावर फेसशील्डचा पट्टा, आणि आत मॉनिटरचे अलार्म चालू. समोरचा डॉक्टर काय म्हणतोय तेही दोनदा विचारावं लागतं.

सोसायटीपुरतं बोलायचं तर पाळीवरून माणूस गेटमधून आत येताना गॅलरीतून टाळ्या, दोन मिनिटं, बस्स. खाली कोणी उतरायचं नाही. २२ मार्चला काही शहरांत लोक थाळ्या घेऊन मिरवणुकीनेच निघाले होते. दिवसभर घरात बसून जे साधलं ते पाच मिनिटांत घालवलं. आणि त्या व्यक्तीला आधी विचारा. काहींना नकोच असतं, कारण 'ही कोविड वॉर्डात आहे' हे एकदा कळलं की भाड्याचं घर जातं. ग्रुपवर फ्लॅट नंबर टाकू नका, अभिनंदनासाठीसुद्धा.

तीन_फेज

दिव्यांबद्दल मी लिहितो.

५ एप्रिलला देशाच्या ग्रिडवर भार १२-१३ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात उतरला सुमारे ३१ हजार. वारंवारता ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झमध्ये राहिली ती जलविद्युत संच चटकन वरखाली करता आले म्हणून. औष्णिक संच इतक्या लवकर वळत नाहीत. ग्रिडचं ते लोक बघतील. आपण बघायचं ते आपल्या मीटररूममध्ये :

फक्त ट्यूब आणि बल्ब बंद करायचे. पंखे, फ्रिज, एसी चालूच ठेवा. मेन स्विच किंवा मजल्याचा एमसीबी (छोटा ब्रेकर) पाडायचा नाही. घरी कोणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या मशीनवर) असेल तर ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं आणि वीज गेली की तिथेच थांबतं. ज्यांना इन्व्हर्टर परवडत नाही त्यांच्याकडेही भाड्याचं मशीन असू शकतं, म्हणून 'आमच्या मजल्यावर असं कोणी नाही' हे गृहीत धरू नका.

मेन पाडून नऊ मिनिटांनी सगळ्यांनी एकदम चढवला तर सगळ्या घरांचे कॉम्प्रेसर एकाच वेळी सुरू होतात. भार धडकन येतो, कमी क्षमतेचा कटआउट उडतो, आणि मग वायरमन शोधत बसा. फ्रिज-एसी बंद झालाच असेल तर परत लावताना तीन ते पाच मिनिटं जाऊ द्या.

जिना, गेट, लिफ्ट, पंप यांचे दिवे चालूच राहिले पाहिजेत. ज्यांच्याकडे डीजी सेट (डिझेल जनरेटर) ऑटोवर आहे त्यांनी तो ऑटोवरच ठेवायचा. कॉमन मीटरचा मेन कोणी उत्साहाने पाडला तर एक तर डीजी उगाच चालू होतो, नाही तर लिफ्टमध्ये माणूस अडकतो.

जाईजुई

तीन_फेज, त्यात ज्योतीचं जोडा. डब्ल्यूएचओच्या सूत्राच्या सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्याची वाफ १७ ते १९ अंशांवरच पेट घेऊ शकते. ठाण्यात एप्रिलमध्ये रात्रीसुद्धा त्याहून कितीतरी जास्त तापमान असतं. स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हात पेटलाय हे कळायलाही वेळ जातो. दिवा लावायच्या आधी हात साबणाने धुवा आणि पंपाची बाटली दुसऱ्या खोलीत ठेवा. ५ लिटरचा कॅन वॉचमनच्या टेबलाखाली असतो, त्याच टेबलावर पणत्या मांडतात. मुलांचं हे काम मोठ्यांनी बघायचं.

रुग्णालयाच्या आवारात पणत्या, मेणबत्त्या, आकाशदिवे काहीही नको. एप्रिल २०२१ मध्ये विरारला आणि मुंब्र्यात रुग्णालयांत आगी लागल्या होत्या. त्या दिव्यांनी लागल्या असं मी म्हणत नाही, पण हवेत ऑक्सिजन वाढलेला असला की ठिणगीला जास्त काही लागत नाही. फटाक्यांबद्दल लिहायची गरज नसावी. ज्यांच्यासाठी लावताय त्यांचे पेशंट श्वासासाठी झगडत असतात.

उगाच_एक

मग थाळी तरी ठेवा. आमच्याकडची पितळी थाळी २०२० पासून पोचा घेऊन बसली आहे, तिच्या त्यागाला काही अर्थ राहू दे.

विनोद सोडून : रुग्णालयासमोरच ज्यांच्या इमारती आहेत त्यांनी काय करायचं? वाशीच्या महापालिका रुग्णालयाच्या आजूबाजूला तर घरंच घरं आहेत.

पामबीच

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रुग्णालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरलंय. मर्यादा दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ही मर्यादा सरासरीवर असते, तेव्हा दोन मिनिटांच्या आवाजावर कायद्याचा कीस काढता येईल. पण कानाला सरासरी ऐकू येत नाही.

साधा हिशोब. एक थाळी एक मीटरवर ९५ डेसिबल धरा. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. म्हणजे ६४ मीटरवर ५९, १२८ मीटरवर ५३. एकीच्या जागी शंभर थाळ्या आल्या की त्यात २० मिळवा. सव्वाशे मीटरवरसुद्धा ७३ होतात. बंद खिडकी पंधरा-वीस कापेल, पण साथीत वॉर्डाच्या खिडक्या हवेसाठी उघड्या ठेवलेल्या असू शकतात. छातीला स्टेथोस्कोप लावून बारीक आवाज ऐकणाऱ्याला हे नको असतं.

माझं मत : रुग्णालयाच्या समोरासमोर असाल तर हातानेही वाजवू नका. गॅलरीत पांढरं कापड किंवा मोठ्या अक्षरांचा फलक लावा. अक्षर १० मीटरवरून वाचायला किमान ३ सेंटीमीटर उंच लागतं. रस्त्यापलीकडून, ५० मीटरवरून, १५ सेंटीमीटर. लोक चार ओळींची कविता लिहितात आणि खालून एक शब्द वाचता येत नाही. दोन शब्द लिहा. फ्लेक्स छापायचा असेल तर त्यावर कार्यकारिणीचे फोटो नकोत. (हे लिहावं लागतंय.)

ऐरोली_खानावळ

कौतुक पोटात जातं ते लक्षात राहतं, असं माझं धंदेवाईक मत आहे. पण खाणं पाठवण्यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

रविवारी दुपारी पाच संस्थांचे चारशे डबे येतात आणि मंगळवारी रात्री बिस्किटाचा पुडा नसतो. सात सोसायट्यांनी सात वार वाटून घ्या. आणि दुपारचं सोडा, रात्रपाळीचं घ्या. रात्री दोन वाजता ठाण्या-ऐरोलीत सगळं बंद असतं, कँटीनही.

आकडा ऑफिसातून घेऊ नका, वॉर्डाच्या इन-चार्ज सिस्टरकडून घ्या, आणि विचारा : वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, गेटवरची सिक्युरिटी, १०८ चे चालक, एक्स-रे आणि लॅबवाले यात धरलेत का? कंत्राटी लोक यादीत नसतात. मिळालेल्या आकड्यावर दहा टक्के वाढवा.

गरम जेवण द्यायचंच तर, १०० जणांच्या भाजी-पुलावाला ८ किलो तांदूळ, ५ किलो भाजी, पाऊण ते एक लिटर तेल. शिजून साधारण २५ किलो होतो, म्हणजे डब्याला २५० ग्रॅम. वाफाळता भात झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात भरला की आत पाणी सुटतं, भात चिकट होतो, आणि कोमट राहिला की काही तासांत आंबतो. शिजलेल्या भातातले जंतू परत गरम केल्याने मरतीलही, पण त्यांनी सोडलेलं विष तसंच राहतं. भात एक तर ६० अंशांच्या वर ठेवून दोन तासांत पोचवा, नाही तर पाठवू नका. ओलं खोबरं घातलेली चटणी, दही घातलेली कोशिंबीर, पनीर या तीन गोष्टी यादीतून काढाच.

पीपीई काढून, आंघोळ करून माणूस कधी जेवायला बसेल याचा नेम नसतो. म्हणून कोरडं बरं. रात्रीच्या ४० जणांसाठी मी असं बांधेन :

दशम्या ८०. एका दशमीला ४० ग्रॅम पीठ धरून सव्वातीन किलो कणीक लागते. दुधात भिजवलेल्या असल्याने मऊ राहतात, पण उन्हाळ्यात त्याच रात्री संपल्या पाहिजेत. सोबत शेंगदाण्याची नाही तर तिळाची कोरडी चटणी, चमचाभर, वेगळ्या पुडीत. शेंगदाण्याचा त्रास असणारे असतात, म्हणून पुडीवर लिहा. एक राजगिऱ्याचा लाडू, दोन खजूर, एक केळं. केळी डब्यात कोंबू नका, वेगळ्या खोक्यात द्या, नाही तर सकाळी सगळ्याला केळ्याचा वास.

प्रत्येक पाकिटावर बनवल्याची वेळ आणि 'अमुक वाजेपर्यंत खा'. गेटवर देणारा एकच माणूस, घेणाऱ्याची पोच, दोन मोठ्या कचऱ्याच्या पिशव्याही सोबत द्या. शंभर डबे म्हणजे शंभर डब्यांचा कचरा, तो उचलणाराही आरोग्य कर्मचारीच आहे. फोटो काढायला कोणाला पीपीईत खाली बोलावू नका. तो पोशाख एकदा काढला की टाकून द्यावा लागतो.

जाईजुई

खानावळताई, यादी फार छान. एक भर : ओआरएस. पीपीईत चार-सहा तास पाणी नाही, लघवीला जाणं नाही, आणि ठाण्याचा मे महिना. डब्ल्यूएचओच्या सूत्राची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. सोबत २०० मिलीची बाटली दिली तर लोक अख्खी पुडी तिच्यात ओततात. ते पाचपट खारट होतं आणि तहान आणखी वाढते. एक लिटरची बाटली द्या, नाही तर २०० मिलीसाठीची ४.२ ग्रॅमची छोटी पुडी. मधुमेही आणि रक्तदाबाचे लोक स्टाफमध्येही असतात, म्हणून साधं पाणी वेगळं ठेवा.

घंटाळी_कट्टा

आमच्याकडे पीपीई किट दान करायचा प्रस्ताव आहे. आणि फुलांचाही. गच्चीवरून.

कळवा_नाका

किट घेताना दुकानदार '९० जीएसएम' एवढंच सांगतो. जीएसएम म्हणजे कापडाचं वजन, त्यातून रक्त आत झिरपतं की नाही हे कळत नाही. बघायचं ते कृत्रिम रक्ताच्या चाचणीचं प्रमाणपत्र; २०२० मध्ये कोइम्बतूरची सिट्रा ही वस्त्रसंशोधन संस्था आणि डीआरडीओच्या प्रयोगशाळा ते देत होत्या. भारतीय मानक आयएस १७४२३. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी, नुसती शिवण म्हणजे सुईच्या भोकांची रांग. सगळे एक्सएल घेऊ नका, परिचारिकांना पायात अडकतात. मध्यम आणि मोठे जास्त घ्या. एन-९५ झडपेचा नको. झडपेतून बाहेर टाकलेली हवा गाळली जात नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्ये राज्यांना तसं कळवलं होतं.

त्याही आधी स्टोअरला फोन करा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी किट साठलेले आणि ग्लोव्ह्जचा साडेसहा नंबर संपलेला, असं असू शकतं. माल वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने, डिलिव्हरी चलनासह. एकेकट्याच्या हातात पाकीट देऊ नका. सरकारी कर्मचाऱ्यांना भेटवस्तू घेण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं आहेत, तुम्ही त्यांना अडचणीत आणाल.

उगाच_एक

फुलं : हेलिकॉप्टर नाही, गच्ची आहे. सातव्या मजल्यावरून देठासकट झेंडू डोक्यात पडला की कौतुक लागतं. पाकळ्या मोकळ्या करा तर वारा त्या शेजारच्या सोसायटीचं कौतुक करायला नेतो. पाणी शिंपडून जड केल्या तर प्रवेशद्वाराच्या गुळगुळीत फरशीवर घसरगुंडी. जांभळी नाक्याचा बाजार त्या काळात चालू असेल याचीही खात्री नाही. दोन किलोच्या वर आणू नका आणि झाडायला सफाईवाल्या मावशींना बोलावू नका. आणलेल्यांनी झाडायचं.

वस्ती_सर्वे

धाग्यात सगळे रुग्णालयातच अडकलेत. दारावर येणाऱ्या आशा ताईंचं काय? 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत, १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२०, घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजला तो यांनी आणि त्यांच्यासोबतच्या स्वयंसेवकांनी. जून २०२१ मध्ये याच आशा ताई मोबदल्यासाठी संपावर होत्या. टाळ्या वाजवलेल्यांपैकी किती जणांनी तेव्हा निदान बातमी तरी वाचली, कोण जाणे.

सोसायटीने करायचं ते असं. गेटवर अडवून ठेवायचं नाही. वॉचमनला आदल्या दिवशी लेखी सांगा. प्रत्येक घराने एका कागदावर नावं, वयं, मधुमेह-रक्तदाब-दमा आहे का, लिहून दारापाशी ठेवा. दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत होतं आणि पन्नास घरांत कित्येक तास वाचतात. बोटाला नेलपॉलिश नको, हात थंड नकोत, जिना चढून आल्याआल्या मापून घेऊ नका. पाच मिनिटं बसा आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट हलवू नका. नाही तर ९२ दिसतं, ताई घाबरतात, तुम्ही घाबरता, परत फेरी. ताप लपवू नका. तळमजल्यावरचं सोसायटीचं स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडं ठेवा, आत साबण आणि पाणी असू द्या. उन्हात दिवसभर फिरणाऱ्या बाईला कोणी घरात घेत नाही, मग ती पाणीच पीत नाही.

पामबीच

+१. स्वच्छतागृहाचं आराखड्यात ठळक अक्षरात घ्या.

कळवा_नाका

सन्मानपत्रांबद्दल. 'कोविड योद्धा' प्रमाणपत्रं तेव्हा इतकी वाटली गेली की घरी बसलेल्यांकडेही चार-चार आहेत. त्याऐवजी पत्र लिहा, वैद्यकीय अधीक्षकांना, प्रत पालिका आयुक्तांना. त्यात वॉर्ड, तारीख, पाळी, कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव आणि पद, आणि त्यांनी नेमकं काय केलं ते दोन वाक्यांत. पेशंटचं नाव व आजार त्यांच्या संमतीशिवाय नको. नाव-पद तपासून घ्या : परिचारिका, परिचर, आया ही वेगवेगळी पदं आहेत. कंत्राटी कर्मचाऱ्याला एक प्रत थेट द्या. साथ ओसरली की कंत्राट संपतं आणि पुढची नोकरी शोधताना रुग्णालयाकडे आलेलं असं पत्र हातात असलेलं बरं.

नोटीस बोर्डावर एक कागद कायमचा लावा. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने साथरोग कायदा दुरुस्त झाला, पुढे सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. आरोग्य कर्मचाऱ्याविरुद्धच्या हिंसेला ३ महिने ते ५ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. गंभीर दुखापत असेल तर ६ महिने ते ७ वर्षं आणि १ ते ५ लाख. आणि यातली हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणी जगणं अवघड करणारा छळही त्यात येतो. लिफ्ट बंद करणारे आणि 'खोली रिकामी करा' म्हणणारे सेक्रेटरी हे वाचतील अशी जागा निवडा.

घंटाळी_कट्टा

सेक्रेटरी मीच आहे, वाचलं. शेवटचं : आमच्या इमारतीत राहणाऱ्या सिस्टर आणि लॅब टेक्निशियनसाठी खर्च न करता काय करता येईल?

पंपवाले_काका

पाणी. बहुतेक सोसायट्या सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास सोडतात. रात्रपाळीची सिस्टर नऊ-साडेनऊला पोचते, तेव्हा नळ कोरडा असतो आणि घरात शिरण्याआधी तिला आंघोळ करायची असते. तळमजल्यावरच्या बाथरूमला भूमिगत टाकीवरून वेगळी अर्ध्या इंचाची लाइन आणि अर्ध्या एचपीचा छोटा पंप द्या. जमत नसेल तर तिथे झाकणाचा २०० लिटरचा ड्रम भरून ठेवा. एका माणसाला केसांसकट आंघोळ आणि कपडे भिजवायला ४० ते ५० लिटर, म्हणजे ड्रम चौघांना पुरतो. रोज उपसून परत भरा, दर आठवड्याला घासा. कपड्यांसाठी वेगळी बादली आणि डिटर्जंट. ब्लीच आणि फिनाईल एकत्र ठेवू नका, कोणीतरी मिसळतं आणि बंद बाथरूममध्ये धूर होतो.

लिफ्टजवळचं एक पार्किंग रात्रपाळीसाठी राखा. लोकल २३ मार्च २०२० पासून बंद होत्या, अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी १५ जूनला सुरू झाल्या. मधले महिने एसटी आणि पालिकेच्या बस होत्या, पण पहाटेच्या बसला स्टॉपपर्यंत पोचवणारा स्कूटरवाला लागतो. त्याची पाळी लावा, नावांसह, वॉचमनकडे.

आणि सकाळी दहा ते दुपारी चार त्यांच्या मजल्यावर ड्रिलिंग बंद. त्या मजल्याचा फ्लॅट नंबर लिहायचा नाही हे जाईजुई ताईंनी वर सांगितलंच आहे, तेव्हा बंदी अख्ख्या इमारतीला लावा.